संध्याकाळी सातनंतर या : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना एका बहिणीचं खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर,
दिव्यांगांचं पालकत्व ठरवणाऱ्या, राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीचे अध्यक्ष या नात्यानं;
तसंच दिव्यांग कल्याण विभागाचे जिल्ह्यातले अधिकारी आणि निवासी संस्था चालवणारी सर्व मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

माझा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. पत्रात तुझं नाव लिहू का, असं मी त्याला विचारलं. त्यानं दोनदा मान हलवून ‘नको’ म्हटलं, म्हणून लिहीत नाही. मला तो अक्का म्हणतो.

आमचे अण्णा मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर आईनं शेंगाचटणी कुटून घर चालवलं आणि मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला लागले. भावाला अठरा वर्षांपर्यंत विशेष शाळा मिळाली. त्यापुढची तेवीस वर्षं त्याची शाळा म्हणजे आमचा उंबरा आणि आई. तो पीठ चाळायचा, शेंगा निवडायचा, आणि नळाला पाणी आलं की गल्लीभर ओरडत जायचा. चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे काम केवढं मोलाचं, ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. बायका त्याची वाट बघायच्या. त्याला गल्लीत मान होता.

आई गेली. दोन वर्षांनी माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला. दोघांचं करणं माझ्यानं होईना, तेव्हा मी भावाला जिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत ठेवलं. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तीच एक वाईट, असं सगळ्यांना वाटेल आणि बाकीचे सुटकेचा श्वास टाकतील.

तो तिथं चौदा महिने होता. त्यातला एक रविवार मला सांगायचा आहे.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी चिवडा, शेंगाच्या पोळ्या आणि नवा निळा शर्ट घेऊन गेले होते. भेटीची वेळ अकरा ते एक. त्याला बाहेर आणलं तेव्हा अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट होता, मधली दोन बटणं तुटलेली. चेहरा सुजल्यासारखा. पाय ओढत आला. खांद्यावर पांढरा दोरा चिकटला होता, तो काढायला मी हात उचलला, आणि माझ्या भावानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

त्याच्या सबंध आयुष्यात घरात त्याच्यावर कुणी हात उगारला नव्हता. मी खाली बसले, त्याचे हात सोडवले, विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, “मस्ती नाही करत. अक्का, मी मस्ती नाही करत.” एवढंच. तेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पोळी त्यानं तोंडात धरून ठेवली. गिळेना. “नखरे करतो, आळशी झालाय,” असं मला सांगण्यात आलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांत थायरॉइडचा त्रास पुष्कळ आढळतो. भावाची गोळी तिसाव्या वर्षापासून चालू आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक. दर वेळी मी बाटल्या पोचवून यायचे, वर माझ्या अक्षरात त्याचं नाव. मी कपाट उघडायला लावलं. चार बाटल्या ओळीनं उभ्या होत्या आणि चारींच्या झाकणाखालचं सील जसंच्या तसं होतं. औषधाच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढं रोज बरोबरची खूण. कालची होती. त्या दिवशीचीही होती.

जिल्हाधिकारी महोदय, ती वही तुमच्या खात्याच्या तपासणीतही कुणीतरी पाहिली असणार. महिन्याभरापूर्वीच तपासणी होऊन गेल्याचं मला कार्यालयात लावलेल्या फोटोवरून समजलं. फोटोत पुष्पगुच्छ होता, दाराला रांगोळी होती, मागच्या भिंतीला ताजा रंग होता. माझा भाऊ दुसऱ्या रांगेत उभा होता, तोंड सुजलेलं. फोटो काढेपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं असेल, आणि त्याला कुणीच पाहिलं नाही.

मला तुमच्याकडं एवढंच मागायचं आहे : तपासणीला आल्यावर वहीच्या आधी माणूस बघा. आणि अकरा वाजता येऊ नका, संध्याकाळी सातनंतर या.

सातनंतर काय असतं ते मला तिथल्या एका मावशींनी सांगितलं. साडेपाचला जेवण, कारण स्वयंपाकाच्या बाईची शेवटची बस चुकते. साडेसहाला सगळ्यांना आत घेऊन बाहेरून कडी. मग सकाळी सहापर्यंत चौतीस माणसांना एक रखवालदार. गेटवर तोच, फिट आली तर धावणारा तोच, कुणी अंथरुणात ओलं केलं तर बदलणारा तोच. तो बदलत नाही. कुणीही बदलणार नाही. त्या माणसालाही झोप आहे. म्हणून चारनंतर पाणी द्यायचं बंद करतात, म्हणजे रात्री ओलं होत नाही. सोलापूरचा मे महिना, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, वर पत्रा, आणि दुपारी चारनंतर पाणी बंद. मनावरची काही औषधं अशी असतात की ती घेणाऱ्याला घाम कमी येतो आणि ऊन लवकर बाधतं. तीच औषधं अशा संस्थांत सर्रास चालू असतात. डॉक्टरनं कधीकाळी लिहून दिलेली गोळी पाच-पाच वर्षं तशीच पुढं चालते, कारण गोळी दिली की माणूस गप्प बसतो. चांगलं वागतोय, असं मग वहीत लिहितात.

मावशींचं मला वाईट वाटतं, राग येत नाही. त्यांना महिन्याला सात हजार मिळायचे. बौद्धिक दिव्यांग माणसाला कसं उचलायचं, फिट आल्यावर कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. तरी मला खरं सांगणाऱ्या त्याच. संस्थाचालकांना मी एक सांगते, तुमच्या दारात काळजी म्हणून जी काही आहे ती या बायकांच्या हातात आहे. अनुदान उशिरा येतं, काहींना ते मुळीच नाही, ही तुमची तक्रार खरी आहे आणि ती शासनानं ऐकलीच पाहिजे. पण नवं प्रवेशद्वार बांधायला पैसे होते, हेही मी पाहिलं आहे.

आता टॉवेलचं सांगते. कुणाला क्षुल्लक वाटेल. माझी अठ्ठावीस वर्षं टॉवेलच्या हिशेबात गेली, मला ते क्षुल्लक वाटत नाही.

त्या संस्थेत न्हाणीघराबाहेर तारेवर तीन टॉवेल होते. बारा माणसांच्या एका खोलीला तीन. पहिल्या चौघांनी अंग पुसलं की ते ओले, पुढच्या आठांनी त्याच ओल्या टॉवेलनं अंग पुसायचं. भावाच्या मांड्यांना खरूज झाली होती. मी विचारलं, मी दिलेले सहा टॉवेल कुठं आहेत? “सगळ्यांचं एकत्रच असतं हो इथं.” कपडेही एकत्र. धुऊन ढीग येतो, हाताला लागेल ते अंगात. म्हणून निळा शर्ट मागणाऱ्याच्या अंगात कुणाचा तरी खाकी.

जगभरातल्या हॉटेलांना टॉवेल पुरवणारं आपलं गाव. गाठींवर गाठी डोळ्यासमोरून गेल्या माझ्या. स्वतःचा टॉवेल, स्वतःचा शर्ट, स्वतःचा कंगवा, हे तुमच्याआमच्या घरातल्या दोन वर्षांच्या पोराला कळतं. माझ्या भावालाही कळत होतं. घरी त्याच्या टॉवेलला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपायचा नाही. चौदा महिन्यांनी घरी आणला तेव्हा त्यानं न्हाणीच्या दारात उभं राहून मला विचारलं, “कुठला घेऊ?” मी म्हटलं, अरे तुझा तो. तो हात लावेना. मीच त्याच्या खांद्यावर टाकला.

काळजीचा दर्जा कशावरून ठरवायचा, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी टॉवेल मोजा. मग ज्यांचे आहेत त्यांना विचारा, यातला तुझा कुठला? त्याला दाखवता आला तर पुढं जा.

पुढं काय बघायचं, तेही सांगते, कारण हे बघायचं असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ताटात काय वाढलंय यापेक्षा ते कसं वाढलंय ते बघा. दात पडलेल्या, नीट गिळता न येणाऱ्या माणसापुढं आपली कडक भाकरी ठेवली तर ती त्याच्या घशात अडकते. तीच आमटीत कुस्करून दिली तर तो पोटभर जेवतो. शौचाला कधी झालं, हे कुणाला सांगता येतं का ते विचारा. ज्याला पोट दुखतंय म्हणून सांगता येत नाही तो डोकं आपटतो, स्वतःला चावतो, आणि मग त्याला आक्रमक ठरवून झोपेची गोळी देतात. माझ्या ओळखीच्या एका आईच्या मुलाला दाढ किडली होती. सहा महिने तो स्वतःच्या गालावर बुक्क्या मारत होता. दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवसापासून थांबला. डाउन सिंड्रोमच्या माणसांना चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश लवकर गाठू शकतो. काल येत होतं ते आज येईना झालं की त्याला हट्ट म्हणतात, पण तो आजार असतो. वर्षातून एकदा रक्त, डोळे, कान, दात, वजन एवढं प्रत्येकाचं झालंच पाहिजे. यात परवडत नाही असं काय आहे? राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत खर्च देते. ती किती रहिवाशांची काढलेली आहे, हा प्रश्न एकदा प्रत्येक संस्थेला लेखी विचारा.

भावाचं पालकत्व मला तुमच्याच समितीनं दिलं. आईच्या मागं त्याच्या बँकेचं, सहीचं अडलं म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मी अर्ज केला होता. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याच्या पैशाचा हिशेब द्यायचा, असं कायदा सांगतो. मी दिला. पै न् पै लिहून दिली, आयुष्यभर तेच काम केलं आहे. पैशाचा हिशेब मागतात ते बरोबरच आहे, नातेवाइकांनी अशा माणसांना लुबाडल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. पण त्या चौदा महिन्यांत त्याचं वजन नऊ किलोनं उतरलं, दुसऱ्या गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायला लागला, याचा हिशेब कुणी मागितला नाही. तो मागायला फॉर्मच नाही.

आणि माझा भाऊ तरी नशीबवान. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा त्याच्याकडं कुणीतरी जात होतं. त्याच्या शेजारच्या कॉटवरच्या माणसाकडं कुणीच येत नव्हतं.

त्या माणसाबद्दल लिहायलाच हवं. पन्नाशीचा असेल. शहराच्या पूर्वभागातला, पद्मशाली विणकर घरातला. आई विड्या वळायची, एवढं मावशींना ठाऊक होतं. त्याला तेलुगूच येत होतं, तेही मोजकं. संस्थेत सगळे मराठी बोलणारे. तो दिवसभर एकच शब्द म्हणायचा, “नीळ्ळु, नीळ्ळु.” नळाकडं बोटही दाखवायचा नाही, नुसता म्हणत बसायचा. मी सोलापूरची, दाजी पेठेत मैत्रिणी असलेली, मला तेवढं तेलुगू येतं. तो पाणी मागत होता. तिथं ते बडबडणं म्हणून वहीत लिहिलं होतं.

आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच रिक्षात ऐकू येतात. अशा गावात कुठल्याही माणसाला ठेवून घेताना, याला पाण्याला काय म्हणायची सवय आहे, भूक लागली की हा काय करतो, हा कशाला घाबरतो, हे एका पानावर लिहून त्याच्या कॉटच्या डोक्याशी लावायला काय लागतं? एक पान. आईला पाच मिनिटं विचारलं की सगळं सांगते. आई नसली तर शेजारची सांगते.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत निदान देखरेखीची एक कडी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं बालकल्याण समितीला महिन्यातून किमान दोनदा निवासी संस्थांना भेट द्यायला लावलं आहे. होतं किती, तो भाग वेगळा. पण मूल अठराचं झालं की समितीचा हात सुटतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात रुग्णांच्या तक्रारी ऐकायला मंडळं आहेत. पण बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे म्हणून ही माणसं त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर. ते योग्यच आहे, आमची मुलं वेडी नाहीत हे सांगण्यात आमची हयात गेली. पण मग त्यांच्याकडं बघणार कोण? २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांग म्हणून १५ लाखांवर माणसं मोजली गेली. ती मुलं राहणार नव्हती, मोठी होणार होती, हे तेव्हाही दिसत होतं.

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना आपलं नाव दिलं, त्यांची लग्नं लावली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी साधी आहे : अठरा पूर्ण झाले म्हणून बेवारस दिव्यांगांना संस्थेबाहेर काढू नका, त्यांना तिथंच राहू देणारा कायदा करा. सत्कार झाले, मागणी अजून मागणीच आहे.

बायकांबद्दल लिहिताना हात जड होतो. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली होती, पाळीची स्वच्छता जमत नाही म्हणून. तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मला वाटलं होतं तो विषय संपला. पण आजही मुलीला ठेवून घ्या म्हणून गेलेल्या आईला कोपऱ्यात घेऊन “पिशवीचं काही केलंय का?” असं विचारतात. एका आईनं हे मला रडत सांगितलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या शासकीय निवासातल्या एका तरुणीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असली तरी प्रौढ स्त्रीच्या शरीराचा निर्णय तिच्या संमतीशिवाय घेता येत नाही. त्या तरुणीवर अत्याचार झाला तो सरकारी छताखालीच. पिशवी काढून पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही, उलट लपतो. रात्रपाळीला महिला कर्मचारी आहे का, दार आतून कोण उघडू शकतं, एवढं बघायला जिल्ह्याची एक महिला अधिकारी एका रात्री तिथं राहू शकत नाही का?

थोडं गावकऱ्यांनाही बोलते, कारण हे पत्र उघडं आहे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला, नेत्यांच्या अभीष्टचिंतनाला आपण अशा संस्थांत केळी घेऊन जातो, या माणसांना रांगेत बसवतो, हातात केळं देऊन फोटो काढतो आणि तो सगळ्या गावाला पाठवतो. माझ्या भावाचा असा फोटो मला माझ्याच नात्यातल्या ग्रुपवर आला. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, डोक्यावर कागदाची टोपी. त्याला कुणी विचारलं होतं? जायचं असेल तर जा, पण कॅमेरा घरी ठेवा आणि दोन तास बसा. कुणाबरोबर तरी सोंगट्या खेळा. एकाला तुमच्याबरोबर पार्क चौकापर्यंत फिरवून आणा.

फिरवण्याचं म्हणते, त्यालाही कारण आहे. भावाचा वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे सिद्धेश्वरांचा गड्डा, आमची संक्रांतीची यात्रा. संक्रांत जवळ आली की पांढरे कपडे धुऊन ठेव म्हणून माझ्या मागं लागायचा. लहानपणापासून अण्णांच्या खांद्यावर आणि पुढं माझा हात धरून त्यानं नंदीध्वज पाहिले आहेत. अक्षता सोहळ्याला गर्दीत तो माझ्यापेक्षा पुढं. त्या जानेवारीत मी त्याला दोन दिवसांसाठी न्यायला गेले तर सोडलं नाही. “एकाला सोडलं की बाकीचे रडतात.” चव्वेचाळीस वर्षं गड्डा न चुकलेला माणूस त्या वर्षी कडीच्या आत होता. शहरातले दिवे त्या माळावरून दिसतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की त्यांना समाजात राहण्याचा हक्क आहे. हा हक्क माझ्या मते गड्ड्यापासून सुरू होतो. बाकीचे रडत असतील तर बाकीच्यांनाही न्या.

तक्रार का केली नाही, असं तुम्ही विचाराल. केली. संस्थेतच केली. उत्तर आलं, “पटत नसेल तर घेऊन जा.” या एका वाक्यावर अशा संस्था चालतात. ऐंशी वर्षांची आई कुठं घेऊन जाणार? आमच्यामागं याचं कसं होईल, या एका काळजीनं जी माणसं रात्र रात्र जागतात, ती तोंड उघडत नाहीत. मुलगा मार खातोय हे कळत असूनही त्या घरचे लोक संस्थाचालकांच्या पाया पडताना मी बघितले आहेत. मीही पेढे घेऊन जायचे. कायद्यात वाट आहे. छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं आणि त्यानं दखल घ्यायलाच हवी. अत्याचार सिद्ध झाला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण तक्रार केल्यावर त्या रात्री माणूस झोपणार कुठं, याचं उत्तर हातात नसेल तर तो कायदा आम्हाला काय कामाचा? तक्रार करणाऱ्याच्या माणसाला काढून टाकता येणार नाही, काढलं तर जिल्हा प्रशासन त्याची सोय करेल, असं एक लेखी पत्रक तुम्ही काढलंत तर निम्मी तोंडं उघडतील.

सगळीकडं अंधार आहे असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. भावाला घरी आणल्यावर मी जिल्ह्यातलंच आणखी एक ठिकाण बघून आले, कुणालाही न कळवता. तिथं बारा माणसं होती, गावातलंच घर, शेजारी किराणा दुकान. न्हाणीघरात बारा खुंट्या, प्रत्येकीवर चित्र, कुणाची बस, कुणाचा पोपट, कुणाचा मारुती. एक गृहस्थ भाकऱ्या मोजून ताटात ठेवत होते, मोजताना सातनंतर नऊ म्हणत होते, आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नव्हतं, कारण भाकऱ्या बरोबर येत होत्या. रात्री नऊला मी निघाले तेव्हा दोघं अजून टीव्ही बघत होते. दाराला कडी नव्हती. मी जागा आहे का विचारलं. नव्हती. कधी होईल तेही माहीत नव्हतं.

म्हणजे हे करता येतं. लहान घरात, वस्तीत, ओळखीच्या चेहऱ्यांनी. माळावर दीडशे कॉटांची इमारत बांधायचा प्रस्ताव कुणी तुमच्यापुढं ठेवला तर कृपा करून तो बाजूला ठेवा. राष्ट्रीय न्यासाची घरौंदा योजना, आता समर्थ-सह-घरौंदा, निवासासाठीच आहे. महापालिका, ग्रामपंचायत अशा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. त्यातून वस्तीत दोन-चार घरं उभी राहू शकतात का, हे बघायचा अधिकार तुमच्याकडं आहे, माझ्याकडं नाही. आणि स्थानिक समितीत दिव्यांग व्यक्ती आणि नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आधीपासून आहेत. त्यांना घेऊन, न सांगता, संध्याकाळी जा. ज्यांच्याकडं कुणीच येत नाही अशा रहिवाशांची यादी करा आणि त्या प्रत्येकासाठी गावातला एक माणूस नेमा, महिन्यातून एकदा जाऊन बसणारा. तेलुगू येणारा हवा असेल तर मी आहे. त्या पन्नाशीच्या गृहस्थांकडं मी जाईन.

भाऊ सध्या माझ्याकडं आहे. गोळी मी सकाळी माझ्या हातानं देते. सूज उतरली आहे, पाच किलो वजन भरून आलं आहे. पाणी आलं की ओरडतो, पण आता गल्लीत जात नाही, खिडकीतूनच ओरडतो. हात उचलला की अजून डोकं झाकतो. मी साठीला आले आहे, गुडघे गेले आहेत, मालक अंथरुणाला आहेत.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन आहे. या पत्राची प्रत आणि चार बाटल्या घेऊन आम्ही दोघं तुमच्या कार्यालयात येऊ. तो पांढरे कपडे घालणार आहे, तसं त्यानं आधीच सांगून ठेवलं आहे. संस्थेत काय काय झालं ते मला विचारू नका, त्याला विचारा. त्याला समोर खुर्ची द्या आणि त्याच्याशी बोलताना हात टेबलावर ठेवा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तेवढं थांबा.

आपली नम्र,
अक्का
सोलापूर